रेकॉर्डवरची दोन नावं

न्यूयॉर्क,
ता. ९ मार्च १९५८

प्रिय डेला,

तू बरी असशील असं धरून चालतो. इथे अजून बर्फ आहे. तिकडे मेकनला पीचची झाडं फुलली असतील.

माझं काम तेच. कोंदट खोली, पियानो आणि दुपारपर्यंत एक गाणं. आधी मी गाऊन नमुना रेकॉर्ड करायचा, मग एखादा गोरा पोरगा तो जसाच्या तसा उचलतो. परवा एकाने तर माझा खोकलासुद्धा घेतला! सगळे हसले, मीही हसलो.

तू चर्चच्या गायकवृंदातून बाहेर पडलीस, असं रेव्हरंड टॉलिव्हरनी कळवलंय. भावाच्या गाण्यावर हक्क सांगतेस म्हणून बायका तुला टोमणे मारतात म्हणे.

डेला, गाणं तुझंच आहे. इस्त्री करताना तू ते गुणगुणायचीस. मी फक्त त्याची लय वाढवून त्याला पळायला लावलं. रेकॉर्डवर गाणं रचणाऱ्यांची दोनच नावं मावतात, म्हणून कंपनीने तुझं गाळलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. मालक म्हणाला, "रेडिओवाल्याचं नाव घालावंच लागेल, नाहीतर तो रेकॉर्ड लावायचाच नाही. तुम्हा दोघांतलं एक खोड. कुणाचं, ते तूच ठरव." पेन माझ्याच हातात होतं. मी फार विचारही केला नाही.

इथवरचं तू कदाचित ओळखलं असशील. पुढचं तुला माहीत नाही.

नाताळात मी आईच्या उशाशी बसलो होतो. तू स्वयंपाकघरात तिच्यासाठी मक्याची पेज ढवळत होतीस, पळीचा आवाज येत होता. आईने विचारलं, "लूशियस, खरं सांग रे. गाणं डेलाचं आहे?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं आई. नवरा सोडून गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

"बिचारी माझी पोर," म्हणाली. आठवड्याने गेली. तुला खोटी समजून गेली, डेला.

सोबतचा कबुलीचा कागद रेव्हरंडना दे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर वाचू देत. त्यात मी काहीही राखून ठेवलेलं नाही, खाली सही आहे. बायका तुझी क्षमा मागतील. आई मात्र चर्चमधल्या तिच्या बाकावर नसेल, आणि त्याला माझ्याकडे काही इलाज नाही. रोज पियानोशी बसतो आणि रडू येतं.

तू मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही.

आईने ज्याचा शब्द खरा मानला, तो
लूशियस