एकटी शेळी रुळावर

१८ मार्च
तारीख आली! मोबाइलवर मेसेज आलाय, पण माय सगळ्यांना "पत्र आलं, पत्र आलं" सांगत फिरतेय. शेवटची परीक्षा २६ला. ट्रेनिंग संपल्यापासून याचीच वाट बघत होते. पास झाले की शहराच्या नव्या लोकल लाइनवर चालक. मी! आख्खी लोकल माझ्या हातात!!
चारा छावणीभर सांगत सुटले. आबा शेळ्यांना पाणी दाखवत होते.
"आबा, तारीख आली."
"बरं."
बस्स, एवढंच. पण बादली हातात तशीच राहिली. शेजारच्या दावणीची कालवड येऊन ती रिकामी करून गेली, तरी आबांना पत्ता नाही.

१९ मार्च
मायला आज लोकल समजावली. सकाळी सगळी माणसं शहरात कामाला, संध्याकाळी सगळी घराकडं, रोज असंच.
"मंग शेळ्यावानीच की. सकाळी माळावर, सांजंला वाड्यावर. त्यात तुला शिकवायचं काय हाय?"
"माय, या शेळ्या तिकीट काढतात."
"मंग तर लईच शहाण्या."
हसून हसून पोट दुखलं. आमच्या ट्रेनिंगच्या सरांना हे सांगायलाच पाहिजे.

२१ मार्च
छावणी दूध सोसायटीची, म्हणून फ्लेक्सही सोसायटीचा. चेअरमन तात्यांनी आज गेटवर लावला: "आमच्या छावणीची कन्या झाली लोकलची चालक. हार्दिक अभिनंदन." मधोमध तात्या, हात जोडून, गॉगल लावून. मी खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ.
याच तात्यांनी जानेवारीत आम्हाला याच गेटवरून परतवून लावलं होतं. म्हणे, छावणी गुरांची, शेळ्यामेंढ्यांची नाही. माय रस्त्यातच बसली, तेव्हा कुठं पत्र्यामागचा कोपरा मिळाला.
म्हटलं, "तात्या, अजून परीक्षा व्हायची हाय."
"अगं, व्हईल की! आपल्या गावचं कुनी नापास झालंय का लोकलच्या परीक्षेत?"
खरंय. कुणी बसलेलंच नाही.
राग आला. पण फोटो चांगला आलाय. दोनदा जाऊन बघून आले.

२५ मार्च
मांजरसुंब्याहून दुपारची एसटी. आबा सोडायला आले नाहीत, शेळ्या कुणावर सोडणार? मायनं चटणी-भाकरी दिलीय ती चार माणसांना पुरेल. सगळं पाठ आहे. सगळं. थांबलं तर काय, सिग्नल गेला तर काय, दार अडकलं तर काय…

२७ मार्च
परत आले. काल लिहवलं नाही.
परीक्षा खऱ्या गाडीवर नाही, मशीनवर. मशीन म्हणजे खरी केबिन, फक्त काचेच्या जागी पडदा. सुरुवात झकास! गाडी हाताला अशी वश झाली की मी मनातल्या मनात गाणं म्हणत होते. तीन स्टेशनं बरोबर खुणेवर उभी केली. चौथ्याच्या अलीकडं रुळावर शेळी. पांढरी, एकटीच. ब्रेक लावला. गाडी व्यवस्थित थांबली, शेळीच्या पुष्कळ अलीकडं. शेळी पलीकडं गेली.
आणि मी थांबूनच राहिले.
परीक्षक मॅडम म्हणाल्या, "रूळ मोकळा आहे. कशाची वाट बघताय?"
"मागच्यांची."
"मागे कोण आहे?"
"बाकीच्या शेळ्या. मॅडम, एकटी शेळी कधी नसते."
मॅडम हसल्या नाहीत. पडद्यावर दुसरी शेळी आलीच नाही. मशीन बनवणाऱ्यानं एकच काढली होती. तिला ना कळप, ना धनी.
मग म्हणाल्या, "थांबलात ते योग्यच. कंट्रोल रूमला कळवलं का? तुमच्या मागे दुसरी गाडी उभी राहिली, तिच्या मागे तिसरी. तुम्ही का थांबलात, हे त्यांना कसं कळणार?"
गाडी थांबली की पहिलं काम कंट्रोलला सांगायचं. हे झोपेत विचारलं तरी सांगेन. पण शेळी दिसली आणि ट्रेनिंग धुऊन गेलं. माळावर कधी कुणाला सांगून थांबलेय मी? जनावर थांबलं की माणूस थांबतं. आपसूक.
निकाल "कळवू". म्हणजे गेलं. माती केली मी माझ्या हातानं.

२८ मार्च
आबांना सांगितलं. वाटलं, निदान आबा तरी माझी बाजू घेतील.
"बाई बरोबर बोलली. मागून दुसरा कळप येत असंल तर म्होरच्यानं हाळी द्याया पायजे. न्हाई तर सगळा घोळ व्हतो."
"मग मला कावून न्हाई शिकवलं?"
"आपल्या मागं कुनाचा कळप व्हता? आपून एकलेच."
गेटवर फ्लेक्स आहेच. तात्या विचारतात, "कवा जायचं ड्युटीवर?" मी मागच्या बाजूनं ये-जा करते.

३० मार्च
मेसेज!!! नापास नाही! परत एकदा बसायचं, ४ एप्रिलला. पुढं लिहिलंय, ही शेवटची संधी. असू दे! एवढ्या जोरात ओरडले की करडं उधळली आणि माय टँकरची रांग सोडून धावत आली.

१ एप्रिल
आबांनी शिकवणी लावलीय. स्वतः होऊन! कोरड्या तलावाच्या त्या काठाला आबा, या काठाला मी आणि कळप. थांबले की फोन.
"कंट्रोल, थांबले. बाभळीपाशी."
"कावून थांबली?"
"दोन करडं मागं हायत."
"आल्याबिगर हलू नगं. आली की सांग."
एकदा मुद्दाम नाही कळवलं, तर आबा आख्खा तलाव तुडवत आले आणि असे भडकले! आयुष्यात आबा माझ्याशी एवढं बोलले नसतील. माय म्हणते, "बापलेकीला खूळ लागलंय." मला तर हे संपूच नये असं वाटतंय.

३ एप्रिल, एसटीत
आबा आज मांजरसुंब्यापर्यंत आले. कळप मायवर सोडून. ढाब्यावर चहा घेतला. छावणी पुढच्या आठवड्यात बंद होणार, मग आबा-माय कळप घेऊन गोदाकाठाला निघणार. गेल्या दोन दिवसांपासून जे गिळत होते ते विचारून टाकलं.
"आबा, याबी वक्ती न्हाई झालं तर?"
आबांनी बशीतला चहा संपवला.
"तर न्हाई. पन आता कळपामागं तू यायाची न्हाईस."
"मग कुठं जाऊ?"
"ते मला काय ठाव? माळाच्या म्होरलं मला ठाव न्हाई."
एवढा राग आला! ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी असं बोलतं का कुणी? तेवढ्यात एसटी आली. आबांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभे राहिले, टोपी हातात घेऊन.
पाटोदा गेलं. राग गेला नाही आणि तरी हसू येतंय. पास झाले तरी कळप सुटला, नाही झाले तरी सुटला. आबांनी परस्पर ठरवून टाकलं. परीक्षा उद्या सकाळी.