डाव्या पायाचं माप

१९ ऑगस्ट

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला होता, पण आठांपैकी एक अंग सध्या दुरुस्तीवर आहे. उरलेल्या सातांचा गोड मानून घ्यावा.

मी खुशाल. मावशीही खुशाल, आणि ती खुशाल असली की तिच्या घरात बाकीच्यांनी कसं राहायचं असतं ते तुम्ही जाणताच. सकाळी मी दोन अंडी संपवली की ती तिसरं सोलायला घेते आणि माझ्याकडे बघतच नाही. केस पुन्हा यायला लागलेत. आधीचे सरळ होते, हे कुरळे येताहेत. आईचे असेच होते, असं मावशी म्हणते आणि उगाच डोक्यावरून हात फिरवत बसते.

शाळेतून मोठ्या बाईंचं पत्र आलं. माझ्या जागी खेळाला जे सर ठेवलेत ते मुलांना रांगेत उभं करून व्यायामाचे फायदे सांगतात म्हणे. पोरं कंटाळलीत, 'शिट्टीबाई कधी येणार' म्हणून विचारतात. माझी शिट्टी त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही, हे वाचून फार बरं वाटलं.

तर तुमचं पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येतंय असं तुम्ही भासवता. पत्रात निदान भलत्याच प्रश्नाला 'हो हो' म्हणत नाही. मी चालायला लागले हे कळल्यावर दुकानात येईल त्याला तुम्ही चहा पाजलात, असं लिहिलंय. आणि पुढे: "आजारात पाऊलही वाळतं. जुनं माप चालायचं नाही. दोन्ही पाय कागदावर ठेव, कडेने पेन्सिल फिरवून घे आणि पाठव. बुटांचा जोड मी स्वतः शिवतो आणि पुढच्या रविवारी घेऊन येतो."

उजव्या पायाचं माप सोबत आहे.

डाव्याचं जरा मागाहून सांगते. इथे हवा बरी आहे. समोरच्या इमारतीला निळा रंग देताहेत. मावशीला तो पसंत नाही, आणि तसं ती रंगाऱ्याला रोज गॅलरीतून कळवते. बिचारा आता आमच्या बाजूची भिंत सोडून बाकीचं आधी उरकतोय.

बाबा, मी असं रंगाबिंगाचं लिहायला लागले की समजायचं, पोरगी काहीतरी दडवतेय. तुम्ही ओळखलंही असेल.

'पाय वाचला' असं मावशीने तुम्हाला कळवलं. ते खोटं नाही. पण तुम्ही चहा पाजलात तो पहिल्यासारख्या पायासाठी, आणि तो पहिल्यासारखा नाही.

नीट सांगते. गाठ गुडघ्याच्या वरच्या हाडात होती, हे तुम्हाला माहीत आहे. औषधांनी ती दबली, तरी ते हाड काढावंच लागणार होतं आणि त्याबरोबर गुडघाही. हाडांच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे आत धातूचा गुडघा बसवायचा. पाय पायासारखा दिसेल, चालता येईल. पण धावणं, उड्या मारणं विसरायचं, आणि पुढे कधी सांधा सैल झाला की पुन्हा उघडायचं. दुसरी वाट त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवली. मधला आजारी भाग काढून टाकायचा, त्यातून जाणारी मोठी नस तेवढी जपायची, आणि खालचा पाय वर घेऊन मांडीच्या हाडाला जोडायचा. मावशीने चष्मा पुसून चित्र निरखलं आणि म्हणाली, "डॉक्टर, घाईत पाऊल उलटं काढलंत."

"उलटंच बसवायचंय," ते म्हणाले.

कारण घोटा उलटा फिरवला की तो गुडघ्यासारखा वाकतो. टाच पुढे, बोटं मागे. पाऊल गुडघ्याच्या जागी येतं, त्यावर कृत्रिम पाय चढवायचा आणि तो चालवायचा आपल्याच घोट्याने. असा पाय घेऊन माणसं धावतात. डॉक्टरांनी फोटो दाखवले. मग म्हणाले, "दिसायला कसं आहे ते बघा, घरच्यांशी बोला. एकदा केलं की पुन्हा सरळ करता येत नाही."

मी घरच्यांशी बोलले नाही. मावशी बाहेर बाकावर डोळे पुसत बसली होती. तुम्हाला तर मुद्दामच विचारलं नाही. तुम्ही धातूचा गुडघा म्हणाला असतात आणि तुमचा शब्द माझ्याने मोडवला नसता. मला धावायचं होतं, बाबा. खुर्चीत बसून पोरांना 'पळा' म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून आत गेले आणि सही करून आले.

पट्ट्या पहिल्यांदा सोडल्या तेव्हा मात्र सगळं अवसान गळालं. लहानपणी तुम्ही सांगायचात, भूत ओळखायचं तर पावलं बघ, उलटी असतात. त्यावर विश्वास ठेवून मी काउंटरखाली बसून येईल त्याची पावलं तपासायचे. आणि आता मान खाली घातली तर समोर माझीच टाच. मी उशीत तोंड खुपसून रडले. मावशीने पोटभर रडू दिलं, मग म्हणाली, "हडळीची दोन्ही पावलं उलटी असतात. तुझं एकच आहे. धड हडळ व्हायलासुद्धा तुला जमलेलं नाही." दारातली सिस्टर फस्सकन हसली. मग मलाही हसू आलं.

त्याला आता बरेच महिने झाले. हाड जुळून आलंय. तपासणीत गाठीचा मागमूस नाही, तरी अधूनमधून बघत राहणार आहेत. व्यायामाला इस्पितळात जाते तिथे कृत्रिम पाय चढवून दोन दांड्यांच्या मधून चालते. गुडघा सरळ करायचा तर आधी मनात म्हणावं लागायचं, बोटं खाली ताण. आता न म्हणता होतं. वॉर्डातल्या एका चिमुरडीने विचारलं, "तू मागे मागे चालतेस का?" तिची निराशा नको म्हणून मी तेही करून दाखवलं, आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंची बोलणी खाल्ली.

काल मावशीने डाव्या पायाचं माप घेतलं. मी टेबल धरून उभी राहिले, तिने खाली स्टूल सरकवलं, त्यावर कागद, त्यावर माझं पाऊल. तळव्याच्या कडेने पेन्सिल फिरायला लागली आणि मला अशा गुदगुल्या झाल्या की स्टूल कलंडलं. रेघ एके ठिकाणी वाकडी गेलीय ती त्यामुळे, पाऊल वाकडं नाही. अंगठ्याशेजारचं बोट अजून तसंच लांब आहे, तुमच्यावर गेलेलं. या पावलाला बूट लागणार नाही, ते कृत्रिम पायाच्या आत बसतं. बूट लागतो खालच्या रबरी पावलाला, आणि त्याचं माप उजव्याएवढंच आहे. तेव्हा जोड उजव्यावरूनच शिवा. डाव्याचा कागद नुसता तुमच्याजवळ असू द्या.

आणि रविवारी या. इतके दिवस 'प्रवास झेपायचा नाही, येऊ नका' असं लिहीत आले, ते तुमच्या काळजीने नव्हतं. मला भीती वाटत होती.

भेटायला येणारे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. इतकं टक लावून बघतात की नाकाला काही लागलंय की काय, असं वाटतं. नजर खाली न्यायची कुणाची छाती होत नाही. बाकीच्यांचं मी चालवून घेते. तुमचं मला सहन होणार नाही. जन्मभर तुम्ही माणसाचे पाय आधी बघितलेत आणि नावगाव मागाहून विचारलंत. रविवारी दार मीच उघडीन, कुबड्या घेऊन, कृत्रिम पाय न चढवता. तुम्ही आधी खाली बघा. दचकलात तर दचका, रडू आलं तर रडा, 'मला न विचारता केलंस' म्हणून रागवायचं असेल तर तेही तिथेच उंबऱ्यात उरकून घ्या. मग आत येऊन बसा आणि गिऱ्हाइकाचा घेता तसा तो पाय हातात घ्या. कोमट आहे, बाबा. हात लावलात की मला कळेल.

उलट्या पावलासकट तुमचीच,
भिंगरी