दायमाबाद सोडताना

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
१५ मार्च २०२५

प्रिय सुशांत,

सप्रेम जय भीम.

तिकडे बेलव्ह्यूला पाऊस थांबत नाही म्हणालास. जाड जॅकेट इथेच राहिलंय, पाठवू का? इकडचा बर्फ वितळला. मागचं गटर तुंबलं होतं, ते साफ करून घेतलं. नागपूरहून आईंचा फोन येतो. तू उचलत नाहीस म्हणतात. उचलत जा रे.

घरविक्रीची एजंट म्हणते, घर दाखवताना खिडक्या बंद ठेवा, शेजारच्या डेटा सेंटरमधल्या मशीनचं घुमणं ऐकून लोक बिचकतात. मला मात्र त्याची सवय झालीय. दुपारी त्या घुमण्याखाली आणखी एक आवाज असतो. बारीक, झोपेतल्या श्वासासारखा. वरच्या खोलीच्या दाराशी गेलं की थांबतो.

तुला हे फोनवर सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी श्रीरंगने त्याच्या मराठी शाळेत सिंधू संस्कृतीवर बोलायला बोलावलं. पुण्यात शिकलेलं आर्किऑलॉजी इतक्या वर्षांनी कामी आलं. झाकलेली गटारं, विहिरी, घराघरात न्हाणीघरं, गावोगावी एकाच प्रमाणातल्या विटा. मुलं ओरडत होती, "नो वे! बाथरूमपण?" मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या तर त्यांना फारच आवडल्या. मग मी आपल्या प्रवरेकाठचं प्राचीन दायमाबाद दाखवलं. सिंधूच्या लोकांचा माग तिथवर पोचतो, हे सांगताना मलाच बरं वाटत होतं.

तेवढ्यात श्रीरंगची लेक आन्या म्हणाली, "उपासना मावशी, लहान मुलं मरायची का? मग व्हेअर डिड दे गो?"

विषय बदलता आला असता. नाही बदलला. सांगितलं, की सिंधूवाल्यांनंतर दायमाबादला जे लोक राहिले, ते गेलेल्या तान्ह्या बाळांना घरातच ठेवायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत बाळ, आणि वर घराची सारवलेली जमीन.

"सो द मॉम कुड हिअर देम?"

श्रीरंगचा चेहरा उतरला. बाहेर येऊन म्हणाला, "सॉरी यार उपासना, पोरं काहीही विचारतात."

इतक्या महिन्यांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं, सुशांत. तूसुद्धा.

काल एक जोडपं घर बघायला आलं. ती सीमा, मूळची साताऱ्याची, दिवस भरत आलेले. कठड्याला धरून वर आली आणि मी कुणापुढे उघडत नाही ते दार तिने सहज ढकललं.

"इथे बाळाची खोली छान होईल," ती म्हणाली.

"बाळाचीच आहे."

"अय्या! केवढं आहे तुमचं बाळ?"

"अजून तान्हंच आहे," मी म्हटलं. खोटं बोलले नाही.

मग तिला फळीवरचा कलश दिसला, पांढऱ्या कापडात बांधलेला. तिने नवऱ्याला खाली पाठवलं आणि पोट सावरत माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"येतंय," ती म्हणाली.

डेटा सेंटरच्याच आवाजाबद्दल म्हणाली असेल. मी पुढे विचारलं नाही.

त्यांना घर हवंय. मी हो म्हटलंय.

तू म्हणाला होतास, तिच्या अस्थी पोटोमॅक नदीत सोडू आणि निघू. मी नाही म्हटलं आणि तू बॅग उचलून एकटाच गेलास. तेव्हापासून आपण दोघं फक्त घराबद्दल बोलतो. तिचं नाव तू घेत नाहीस, म्हणून मीही घेत नाही.

दायमाबादही एक दिवस ओस पडलं. पाऊस हटला असावा. कॉलेजात मी परीक्षेत लिहिलं होतं, 'वस्ती सोडून लोक निघून गेले', आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. जमिनी उकरून कोणी आपली मुलं बरोबर नेली नाहीत. मडकी होती तशीच सापडली. शेवटची आई त्या उंबऱ्यातून कशी बाहेर पडली असेल, हे तेव्हा मला सुचलंही नाही. आता रोज त्या खोलीच्या दाराशी जाते आणि मागे फिरते.

त्या आईसारखं मला नाही जमणार. नदीत सोडायला मी अजून तयार नाही आणि इथे ठेवून तर मुळीच येणार नाही. घराच्या सह्या ऑनलाइन होतात, त्यासाठी येऊ नकोस. मेत्तासाठी ये. तू कलशाला अजून हातही लावलेला नाहीस. एकदा उचल तिला. फार हलकी आहे रे. तिकडे जाताना विमानात तिला मांडीवर तू घे.

वाट पाहतेय.

मेत्ताची आई,
उपासना