मामाच्या शर्टाच्या बाह्या

रत्नागिरी,
५ मे

प्रिय ताई,

तुझ्या कन्येविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आहे. चि. वेदिकाने गेल्या आठवड्यात मला कुरिअरने एक शर्ट पाठवला. रंग पिस्ता, कापड लिनन, बाह्या अर्ध्या. सोबत चिठ्ठी: 'मामा, गुहागरला समुद्रावर लग्न, त्यात मे महिना. आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांना हाच शर्ट. नाटकं नकोत.' वधूपक्षाच्या पुरुषांना एका रंगाच्या कुल्फ्यांसारखं वाळूत रोवून ठेवायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. लिनन हे कापड घडीत राजबिंडं दिसतं आणि अंगावर चढलं की त्यात कुणी रात्रभर झोपून उठल्यासारखं दिसतं. तेही मी पोटात घातलं. पण अर्ध्या बाह्या! माझ्या कोपराखाली काय आहे, हे अख्ख्या गुहागरने का बघायचं?

तुला नवल वाटेल. कॉलेजात असताना मी बाह्या अजून एक घडी वर दुमडून मांडवीला फिरायचो आणि तू मागून ओरडायचीस, "काड्यांचं प्रदर्शन पुरे कर, गलबतं परत फिरतील!" पुढे नोकरी लागली, पोट सुटलं, पण पूर्ण बाह्या मी माझ्या लग्नातच काय त्या घातल्या. आणि या उन्हाळ्यात मात्र मनगटाशी बटण लावून हिंडतो आहे. घामाने पाठीला नकाशे उमटतात. माझं रविवारचं सदर वाचणारे जे दहाबारा लोक गावात उरले आहेत, ते नाक्यावर अडवून विचारतात, "काय ओ भाऊ, विमा विकायला लागलात की काय?" मी सांगतो, ऊन बाधतं.

खरं कारण मथुराकाकूंना ठाऊक आहे. मार्चमध्ये मासळीबाजारात त्या बांगडे निवडत होत्या. त्यांनी माझा डावा हात धरला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे विन्या, हातात गांडूळ शिरलं काय रे तुझ्या?" माशांवर चालणाऱ्या सुऱ्या थांबल्या. मीही बघितलं, जणू तो हात दुसऱ्याचाच होता. दुसऱ्यांच्या व्यंगावर गेली वीस वर्षं चार ओळी सहज खरडणारा मी, त्या दिवशी पिशवीमागे हात लपवून घरी आलो.

म्हणून वेदिकाचा शर्ट घेऊन केरू टेलरकडे गेलो. म्हटलं, कोपरापासून मनगटापर्यंत कापड जोडून दे. त्याने बरंच शोधलं, पण तो रंग काही जुळेना. शेवटी जे जोडलं त्याने शर्टाचा वरचा भाग पिस्ता आणि खालचा चार दिवस बाहेर राहिलेला पिस्ता असा झाला. तुझ्या भावजयीने, राहीने, तो माझ्या अंगावर बघितला आणि म्हणाली, "छान. आता लांबूनसुद्धा कळेल, काहीतरी लपवलंय." मी हसलो. ती हसली नाही. "ताईंना तुम्ही सांगणार आहात की मी?" मी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. ती आत गेली आणि तिने माझं दिवसाचं पाणी मापाने बाटलीत भरून ठेवलं. हल्ली ते मापानेच मिळतं.

ताई, या शर्टामुळे तुझी नऊवारी आठवली. ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत तू नऊवारी नेसून मिरवत होतीस आणि कमरेवरचा तो लांब व्रण सगळ्यांना दिसत होता. तुझ्या सासूबाईंनी दोनदा पदर ओढून दिला. तू दोनदा सोडलास. कुणीतरी हळहळून विचारलं, तर म्हणालीस, "माझी एक किडनी माहेरी राहायला गेली आहे. मला सासरहून एवढी रजा कधी मिळाली असती का?" मंडपात हसू फुटलं. मी जेवणाच्या पंगतीमागे जाऊन डोळे पुसले आणि तुला सांगितलं, आमटीचा धूर.

तर ती माहेरवाशीण, ताई. आम्हांला ती पुढे सांभाळता आली नाही.

दिवाळीपासून ती दमत चालली होती. फोनवर 'तब्येत कशी आहे' विचारायचीस तेव्हा मी तुला नगरपालिका, खड्डे, माझे संपादक यांच्याबद्दल सांगायचो. जानेवारीत डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हातातली शीर धमनीला जोडून दिली आणि मार्चपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पुन्हा मशीनवर असतो. गेल्या वेळी गळ्यातल्या नळीवर भागलं होतं, म्हणून हा हात तू पाहिलेला नाहीस. शीर दोरखंडासारखी फुगली आहे, वर सुयांचे डाग आहेत. बोट टेकवलं तर आत भुंगा कोंडल्यासारखी घूंघूं लागते. एक गोळी मी चुकवली नाही, हे राहीला विचार. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही, नऊ वर्षं तिने इमानाने काढली. कुणाची चूक असती तर त्या माणसावर सदर तरी लिहिलं असतं.

आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. दुसरी देते म्हणू नकोस. तुझ्याकडे एकच आहे.

गांडुळाची लाज होतीच, पण ती बाजारापुरती. खरी भीती वेगळी होती. लग्नात मी वेदिकाचा हात धरून तिला मंडपात आणणार, पलीकडे तू उभी राहणार, आणि सवयीने माझं मनगट धरणार. धरलंस की तुला भुंगा लागणार. तुझं जे तू मला दिलंस ते गेलं, हे तुला तिथे, सनई चालू असताना कळणार. ते मला नको होतं. काल केरूकडे जाऊन जोडलेल्या बाह्या उसवून घेतल्या. तो पुटपुटला, "मी तेव्हाच म्हणणार होतो." अर्ध्या बाह्यांतच येतो. तू आता खुशाल मनगट धर, फक्त दाबू नकोस.

फोन केला असता, पण तू 'हॅलो' म्हणालीस की मी विनोद करायला लागतो. ऑपरेशनच्या साली भाऊबीजेला आपण एकाच हॉस्पिटलात दोन वॉर्डांत पडलो होतो. ओवाळणी काय हवी, असं मी नर्सकडून विचारलं होतं. तुझा निरोप आला होता, "गावाला टोचून टोचून लिहितोस, मला एकदा सरळ पत्र लिही." तेवढं राहून गेलं होतं. सुरुवातीचं पान मला नेहमीसारखं घालवावं लागलं, त्याशिवाय हात चालेना. पुढचं मात्र सरळ आहे. पाकिटात दुसरं काही शोधू नकोस, ओवाळणी हीच आहे.

तुझाच धाकटा,
विनू