मृणालिनीच्या राज्यात पाणी कोण भरतं

मुलुंड,
१२ ऑगस्ट १९८६

ती. माणिकताई,
बोरिवलीच्या चौथ्या मजल्याला मुलुंडच्या तळमजल्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही बरे, म्हणजे आजारी कोणी नाही, एवढंच.

आमची वही तुला ठाऊकच आहे. साप्ताहिकातल्या कादंबरीत शेवटी मृणालिनीने श्यामसुंदरचे पाय धरून माफी मागितली (चूक त्याची), तेव्हा संतापून आम्ही बिल्डिंगमधल्या चौघींनी पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. हळदीकुंकवाच्या तबकाखालून वही या घरातून त्या घरात जाते. आमच्यात सगळं उलटं. मृणालिनी ऑफिसात साहेब, श्यामसुंदर घरी कणीक मळतो आणि सिनेमाला जाऊ का म्हणून विचारतो. शेवंतीने तर त्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवला. त्याला मारायचं नाही, एवढा एकच नियम (तो कमलने घातला, का, ते कोणी विचारलं नाही).

वाट लागली ती खाकी कव्हरामुळे. सोसायटीच्या सभेची वही आणि आमची वही, दोन्हींना मीच एका कागदाची कव्हरं घातलेली. हे सेक्रेटरी. रविवारी गच्चीवर मागच्या सभेचा वृत्तांत म्हणून वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं की श्यामसुंदरने भीत भीत चहा पुढे केला. मी जिन्यात उभी, आता तमाशा होणार म्हणत. पण पुरुषमंडळी हसून हसून लोळली गं. दत्ताराम चाळके म्हणाले, पुढे वाचा. कोणी लिहिलंय असं विचारल्यावर ह्यांनी घसा खाकरला.

"मीच. सहज आपलं, गंमत म्हणून."

आता गणपतीच्या कार्यक्रमात हे पुढचं प्रकरण वाचणार. लिहायचं मी. रागावले असते तर परवडलं असतं, पण नुसतं म्हणाले, शेवटी श्यामसुंदरचा हात वर ठेव, लोकांना बरं वाटतं. बाकीच्या तिघींना वाटतं, मीच वही नवऱ्याला दिली. दुपारी मला बघून दारं लावून घेतात. फार एकटं वाटतं, ताई.

म्हणून काल वही पहिल्यापासून वाचली, आणि माझं मलाच कसंतरी झालं. चौघींच्या चार अक्षरांत, प्रत्येक प्रकरणात, पहाटे पाचला पाणी भरायला मृणालिनीच उठते. साहेब झाली तरी पिंप भरून मग ऑफिसला जाते. आमचंच राज्य, आणि आमच्या एकीच्याही लक्षात आलं नाही.

या वेळी श्यामसुंदर उठणार. हे आधी वाचून बघणार नाहीत, तेवढा धीर त्यांना कुठला! सगळ्या बिल्डिंगसमोर त्यांच्याच तोंडून येऊ दे.

तुझी धाकटी,
अनुपमा

ता. क. खरं काम हे. तुझ्या बाळंतपणात भावोजी महिनाभर पाणी भरायचे, असं तू म्हणाली होतीस. पुरुष पाण्याला उठतो तेव्हा नेमकं काय करतो, ते बारीकसारीक कळव. आधी कूस बदलतो का? कुरकुरतो? बायकोला झोपू देतो म्हणजे काय करतो? मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे लिहिताच येत नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवायचं सकाळवर ठेवलं होतं. नळ आला, असं हे अंथरुणातूनच सांगताहेत. जाते.