वही जाळावी, बूट धाकट्याला द्यावेत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेसच्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन लावून देणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतका दम आमच्या घरात कोणात नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. तेव्हा मी मुलाला शहाणा समजत होतो.

१. राहतं घर आणि बँकेत जे निघेल ते पत्नीचं. चाळीस वर्षं तिने माझे ग्रीसने माखलेले कपडे धुतले आणि एकदाही शर्यत बघायला आली नाही. घरात अक्कल असलेली तेवढी एकच.

२. गॅरेज, लिफ्ट आणि पान्यांचे दोन्ही खण चिरंजिवांना. शर्यतीच्या गाडीला मात्र त्याने बोटही लावू नये. "बाबा, वहीत सगळं आहेच की! मागच्या वेळचे आकडे टाकायचे, झालं." असं म्हणणारा हा दिवटा. मागच्या वेळचा ट्रॅक कुठून आणणार, असं विचारलं की दात काढतो. ट्रॅक घसरडा असेल तर मागचे शॉक अॅब्सॉर्बर सैल ठेवायचे, म्हणजे गाडी मागे बसते आणि वजन मागच्या चाकांवर येतं. चिकट असेल तर तेच कडक करायचे, नाहीतर सुटल्याबरोबर गाडी नाक वर करून उभी राहते. सकाळचा गार, घसरडा ट्रॅक दुपारपर्यंत टायरचं रबर बसून गुळासारखा चिकट होतो. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

३. म्हणून माझी बत्तीस वर्षांची वही सगळ्यांसमोर जाळावी. चिरंजिवांनी आधी फोटो काढून ठेवले असतील, तर तेही पुसावेत.

४. गाडी पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. चालवते झकास, अगदी बापासारखी, डोकं घरी ठेवून. अट एकच. प्रत्येक फेरीआधी तिच्या बापाने काठी टेकत ट्रॅकवर जावं, बूट दाबून टाच फिरवावी, आणि सोल उचलताना चर्र आवाज येतो का ते ऐकावं. मगच शॉकची चकती किती खटके फिरवायची ते त्यानेच ठरवावं. तो ट्रॅकवर गेला नसेल तर गाडी सुटता कामा नये. पोरगी एकुलती एक आहे.

५. रेसिंग क्लबच्या सेक्रेटरीला काही नाही. मी टाच फिरवायला लागलो की "आजोबा नाचायला लागले" म्हणून शिट्ट्या मारायचा. माझ्या अंत्ययात्रेला आलाच तर भाषण करू नये.

६. माझे ट्रॅकवरचे बूट धाकट्याला. हे कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो चालवत असताना गाडी नाक वर करून उभी राहिली, आडवी कोसळली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. 'त्याने अॅक्सिलरेटर चुकीचा दाबला' असं मी गावभर सांगत आलो. खोटं आहे. सकाळी आमचं भांडण झालं होतं. "दादा, दुपारी परत एकदा बघून ये," असं तो म्हणाला होता. मला शिकवतोस काय, म्हणून मी मुद्दाम खुर्चीतून उठलो नाही. सकाळचेच सैल शॉक तसेच ठेवले. दुपारच्या ट्रॅकवरून आलं की सोलला रबराचे काळे तुकडे चिकटलेले असतात. त्याला स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा मी शेजारी उकिडवा बसलो होतो. त्याने माझ्या बुटांचे तळवे पाहिले. स्वच्छ होते. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याबद्दल कोणाजवळ एक अक्षर बोललेला नाही. उलट दर वर्षी माझ्या वाढदिवसाला पाया पडायला येतो, लंगडत. इतका राग मला दुसऱ्या कोणाचा आलेला नाही. माझा स्वतःचा सोडून.

ठिकाण: गॅरेजची मागची खोली.
तारीख: चौदा मार्च, माझा वाढदिवस.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. न वाचता सही केली, सवयीप्रमाणे.

साक्षीदार दुसरा: समोरचा टायरवाला. याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "अहो, धाकटे बाहेरच बसलेत. उठून सांगा की!"

मी म्हटलं, "तू सही कर."

त्याने केली. खाली माझी.