दादासाहेबांचे सुवर्णपदक

धार,
१२ जानेवारी १९८२

चि. सौ. शैला हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीने धरले आहेत, बाकी काळजी नाही.

आपल्या विद्यापीठाला पंचवीस वर्षे झाली. त्याचा इतिहास छापून आला आहे, हिंदीत. लिहिणारे आपले उदाजीराव, जुन्या दरबारचे दफ्तरदार. मीही समितीवर होतो. ग्रंथ भारदस्त झाला आहे. पायाभरणीला कोण कोणाच्या उजव्या हाताला बसले, विडा आधी कोणाला दिला, तुमच्या देवासच्या थोरल्या पातीच्या राजांची खुर्ची पुढे होती की धाकट्या पातीच्या, सर्व तपशीलवार आहे. शिकवणे वगैरे शेवटी थोडक्यात घेतले आहे.

माझेही एक छायाचित्र आले आहे. जयवंतीला अवश्य दाखव. पुढच्या महिन्यात समारंभ आहे. पहिल्या पदकवीरांचा सत्कार होणार असून मला बोलावणे आहे. अंगरखा शिवायला टाकला.

अरविंदरावांना नमस्कार. मामाची आठवण ठेवावी, असे जयवंतीला सांग.

तुझा,
जगदेवराव


देवास,
२० जानेवारी १९८२

तीर्थरूप दादासाहेबांचे चरणी शैलाचा शि. सा. न. वि. वि.

ग्रंथ मिळाला. वजन चांगले आहे, लोणच्याच्या बरणीवर ठेवायला कामी येईल.

जयवंतीला मराठी वाचताना घाम फुटतो, पण हिंदी ती भरभर वाचते. तुमच्या छायाचित्राखालची ओळ तिने मोठ्याने वाचली: इतिहास विषय का प्रथम स्वर्ण पदक ग्रहण करते हुए श्री जगदेवराव. मग मला विचारले, "आई, मामासाहेब एम. ए. कब हुए?" मी पोळी लाटत होते, ती फाटली.

दादासाहेब, तुम्ही इंटरलाच कॉलेजला रामराम ठोकलात. एम. ए. ला पहिली मी आले होते, एकसष्ट साली. आबासाहेबांनी ठरवले की आपल्या घराण्यातली मुलगी भर सभेत परक्या पुरुषापुढे हात पसरणार नाही. म्हणून माझे नाव पुकारल्यावर तुम्ही पगडी घालून गेलात, आणि मी बायकांच्या कनातीमागे बसून टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला वाईट वाटले नाही, असे तुम्हा सर्वांना वाटत आले आहे. मला फार वाईट वाटले होते.

खुर्च्यांचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या उदाजीरावांना ज्या मुलीने पेपर लिहिले तिचे नाव सापडू नये? आणि समितीवर तिचा सख्खा भाऊ बसलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नाव दुरुस्त करून घ्यावे. जयवंतीसमोर मी खोटी ठरत्ये.

वहिनीसाहेबांच्या गुडघ्यांना एरंडेल चोळावे. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
शैला


धार,
२ फेब्रुवारी १९८२

चि. सौ. शैला हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वहिनीने वाचले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढे तिखट लिहायला तू कुठे शिकलीस? विद्यापीठातच शिकली असशील.

उदाजीरावांकडे गेलो. ते म्हणतात, छायाचित्रात जो दिसतो त्याचेच नाव लिहायचे, हा दफ्तराचा नियम. फार घासाघीस करून एवढे पदरात पाडले की सत्काराच्या वेळी नाव तुझे पुकारतील. ग्रंथात दुरुस्तीची चिठ्ठीही चिकटवतील.

आता तू समाधान मान. देवासहून एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नकोस. नाव तुझे पुकारतील, मानपत्र मागच्यासारखेच मी जाऊन घेईन. घराण्याची रीतही राहील आणि तुझेही राहील. अंगरखा शिवून आला आहे.

रागलोभ मनात न ठेवता जिव्हाळा ठेवावा.

तुझा,
जगदेवराव


देवास,
१ मार्च १९८२

तीर्थस्वरूप वहिनीसाहेबांस शैलाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून मी आणि जयवंती पोट धरून हसलो. समारंभाहून दादासाहेब हातात बायकी पिशवी घेऊन परतले आणि ती कोणाची ते सांगत नाहीत, म्हणून तुम्ही काळजीत. वहिनीसाहेब, पिशवी माझी आहे.

मी गेले होते. ह्यांना कारखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून जयवंतीला घेऊन बसने गेले. दादासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. आम्ही मागे होतो, त्यांना दिसलो नाही. माझे नाव पुकारले आणि ते सवयीने उठले. मीही उठले. पायऱ्यांशी आमची गाठ पडली. सगळी सभा बघत होती. ते हळूच म्हणाले, "शैला, तू बस, मी घेतो."

मी म्हटले, "दादासाहेब, एवढी पिशवी धरा."

मोठ्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा काम सांगितले. त्यांनी ती घेतली, आणि पगडी, अंगरखा, मोत्यांची कंठी अशा थाटात माझी पिशवी पोटाशी धरून पायरीवर उभे राहिले. मी वर गेले. कुलगुरूंपुढे हात केले आणि मानपत्र घेतले. माझा आनंद शब्दांत मावत नाही. जयवंती तर खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती.

खाली आले तो दादासाहेब निघून गेलेले. तिकिटाचे पैसे पिशवीत होते, आम्ही दोघी एका ओळखीच्यांच्या जीपमधून घरी आलो. रागावले असतील तर रागावू देत. पण वर उभी असताना मी एकदा खाली पाहिले होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आता एक विनंती. एकसष्ट साली त्यांनी घेतलेले पदक तुमच्याकडेच राहिले. दसऱ्याला तलवारींशेजारी त्याला हळदकुंकू लागते, पण माझ्या हातात ते कोणी कधी दिले नाही. माहेरवाशिणीचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत, ही आपल्या घराण्याची रीत तुम्हीच मला शिकवलीत. पिशवी दादासाहेबांच्याच हाती पाठवा, आणि रिकामी पाठवू नका.

तुमची,
शैला